जेवढं निघालं तेवढं

(मिसिसागा, कॅनडा. सप्टेंबर २००९, रविवार, सकाळचे नऊ. घरापुढच्या ड्राइव्हवेवर जुनी निळी गाडी. स्टिअरिंगवर माधवी, खिडकीशी वाकून उभे तिचे सासरे शरदचंद्र.)

माधवी : टाकली, बाबा. ‘डी’ला टाकली. ब्रेकवरचा पायही काढला.

शरदचंद्र : आणि?

माधवी : आणि काय, बघा ना. जागची हलत नाहीये.

शरदचंद्र : आवाज तर छान येतोय.

माधवी : आवाज इंजिनाचा येतोय. इंजिनाला काही झालंच नव्हतं.

शरदचंद्र : जरा रेस देऊन बघ बरं.

माधवी : दिली. ऐकलंत? नुसती ओरडते. परवापर्यंत निदान दोन-तीन सेकंद विचार करून तरी हलायची. आज तेही नाही.

शरदचंद्र : रिव्हर्स?

माधवी : थांबा. हां, हलली! नाही हो, उतारानं सरकली ती.

शरदचंद्र : बंद कर, बंद कर. उगाच छळू नकोस तिला.

माधवी : केली बंद. बाबा, खरं सांगा. आपण मारली का हिला?

शरदचंद्र : असं बोलू नये. सणाचा दिवस आहे.

माधवी : मग काय बोलू? उद्या सकाळी सात वाजता मला ग्वेल्फला पोचायचंय. साडेतीन वर्षं डोनटच्या काउंटरवर उभी राहून कॉफ्या ओतल्या मी. फूड टेक्नॉलॉजीची एम. एस्सी. नागपूरहून आणली ती कपाटात पडून. आता कुठे लॅबमधली नोकरी मिळाली, आणि पहिल्याच दिवशी मी काय फोन करू? सॉरी, माझी गाडी मी स्वतःच मारली?

शरदचंद्र : बस जात असेल की.

माधवी : रविवारभर बघितलं मी मागच्या आठवड्यात. दोन बस बदलून साडेनऊला पोचते. शिफ्ट सातची. आणि भाड्याची गाडी म्हणाल, तर आठ महिन्यांच्या लायसन्सवर कोणी देत नाही.

शरदचंद्र : जयदीपला विचारू या का फोन करून?

माधवी : नको! तुमचा लेक ऑफिसच्या कामाला ब्रॉसार्डला जाताना दहादा सांगून गेलाय, गिअरच्या ऑइलला हात लावू नका. त्याच्या ऑफिसात कोणी सांगितलंय म्हणे, इतकी चाललेली गाडी जुन्या ऑइलच्या जिवावरच चालत असते, ते बदललं की मरते. मी म्हटलं, काहीतरीच. आणि आता बघा.

शरदचंद्र : घाई करू नकोस. काल आपण सगळं नीट केलं. जुनं काढलं. लोणच्याच्या दोन बरण्या भरून वर तिसरी पाव. जेवढं निघालं, तेवढंच नवं मोजून घातलं. थेंब इकडचा तिकडे नाही.

माधवी : पुठ्ठ्यावर सांडलं ते?

शरदचंद्र : ते जरासं.

माधवी : जरासं? मांजर नसलेल्या घरात मांजराची वाळू विकत आणून पसरली मी ते टिपायला.

शरदचंद्र : बरं, आज सकाळी आंघोळ झाल्या झाल्या मी ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली. गाडी थंड, इंजिन बंद. ऑइल खुणेच्या वर बोटभर. म्हणजे ऑइलचा प्रश्न नाही.

माधवी : मग खालचा बोल्ट नीट बसला नसेल. मी परत खाली जाते. तेवढा पाना द्या, आणि जॅक.

शरदचंद्र : पाने आत आहेत.

माधवी : आत कुठे?

शरदचंद्र : बेसमेंटमध्ये. देवापुढे.

माधवी : देवापुढे?

शरदचंद्र : अगं, खंडेनवमी नाही का आज? सकाळी सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडली. हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. आता उद्या दसऱ्यापर्यंत उचलायची नसतात.

माधवी : बाबा, मी काही म्हणत नाही. सण आहे, मान्य. पण...

शरदचंद्र : तो शेजारचा फेलिक्स येतोय बघ.

फेलिक्स : गुड मॉर्निंग काका! काय झाला? वहिनी रेस देते तो आवाज आमच्या किचनमधी आला.

माधवी : गाडी हलत नाहीये, फेलिक्स. काल आम्ही ट्रान्समिशनचं ऑइल बदललं.

फेलिक्स : घरी? मस्त! आमची मेव्हिस बोलली मला, माधवीचे सासरे एसटीचे मेकॅनिक आहेत, मग त्यांना कशाला गॅरेज पाहिजे. लेव्हल चेक केला ना?

शरदचंद्र : केली. खुणेच्या वर आहे.

फेलिक्स : तुम्ही बोलता म्हणजे बरोबरच असणार. मी आपला बारा वर्षं एअरपोर्टची टॅक्सी चालवतो, पण बॉनेट उघडला की मला कळत नाही. मग काका, लेव्हल बरोबर आणि तरी उचलत नाही, तर ट्रान्समिशन गेला समजा.

माधवी : गेला म्हणजे?

फेलिक्स : गेला म्हणजे गेला. आतमधी प्लेटी असतात, त्या जळतात. माझ्या कझिनच्या गाडीचा असाच झाला. नवीन बसवायला गेला तर गाडीपेक्षा महाग. शेवटी टो करून स्क्रॅपला दिली. काका, तुमच्या सर्व्हिसमधी पण बघितला असेल तुम्ही?

शरदचंद्र : आमच्याकडे ऑटोमॅटिक नव्हत्या.

फेलिक्स : ते पण आहेच. वहिनी, उद्या मी सोडला असता तुला ग्वेल्फला, पण पहाटे चारचा पिकअप आहे, नंतर दुसरा, अकरापर्यंत पॅक. टोवाल्याचा नंबर देऊ? ऐकला, ही मेव्हिस हॉर्न मारते. आमचा चर्चचा मास दहाला आहे, सव्वानऊपासून हॉर्न मारते. येतो मी, परत आल्यावर बघू. काका असताना टेन्शन घेऊ नकोस.

माधवी : थँक्स, फेलिक्स.

शरदचंद्र : गेला का?

माधवी : गेला. आता काय करायचं, बाबा? टोवाल्याला फोन करू? आधी जयदीपला करू?

शरदचंद्र : माधवी, तू गाडीतून उतर. इथे पायरीवर बस जरा.

माधवी : बसून काय होणार आहे?

शरदचंद्र : बस म्हणतो ना. मला बोलायचंय, आणि तू स्टिअरिंगवर असलीस की मला बोलता येत नाही.

माधवी : बसले. बोला.

शरदचंद्र : मी मेकॅनिक नव्हतो.

माधवी : काय?

शरदचंद्र : एसटीत होतो. वर्कशॉपलाच होतो, कराडला, एकतीस वर्षं. पण स्टोअरला. जाळीच्या खिडकीच्या आत. मेकॅनिक बाहेरून मागायचे, मी आतून द्यायचो. बेअरिंग, वायसर, क्लचप्लेट, ऑइल. जुनं आणून दाखवा, नवं घेऊन जा. एकतीस वर्षांत एक बोल्ट फिरवला नाही मी.

माधवी : पण लग्नात जयदीप म्हणाला होता...

शरदचंद्र : त्यानं खरं तेच सांगितलं. बाबा एसटीच्या वर्कशॉपला होते, म्हणाला. मेकॅनिक तुम्ही लोकांनी केलंत मला.

माधवी : अहो, पण काल! मी गाडीखाली झोपले होते, नुसता हात बाहेर काढला की न मागता नेमका पाना हातात पडत होता. मी मनात म्हटलं, काय माणूस आहे, बघितल्याशिवाय माप कळतं ह्यांना!

शरदचंद्र : माप कळतं. बोल्टाचं डोकं दिसलं की पाना कळतो मला. देता येतो. फिरवता येत नाही. म्हणून तर तुला खाली घातलं. गुडघ्याचं कारण सांगितलं, गुडघे ठणठणीत आहेत माझे.

माधवी : मग शुक्रवारी तुम्ही ‘हो’ का म्हणालात? मी स्पष्ट विचारलं होतं तुम्हाला.

शरदचंद्र : तेच सांगतोय. मला येऊन चार महिने झाले. ह्या चार महिन्यांत प्रत्येक गोष्ट मी तुम्हाला विचारतो. मायक्रोवेव्ह कसा लावू. कचरा निळ्या डब्यात की हिरव्या. बाहेर पडू तर स्वेटर घालू की कोट. तुम्ही दोघं सांगता, प्रेमानं सांगता, तक्रार नाही. पण मला कोणी काही विचारत नाही. विचारण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलंच नाही इथे. आणि शुक्रवारी तू चहाचा कप घेऊन आलीस, म्हणालीस, ‘बाबा, तुम्ही आहात म्हणून हिंमत करते. करू या का?’ तेवढ्यावर भाळलो बघ मी. म्हातारपणी अक्कल गहाण पडते ती अशी.

माधवी : मला राग आलाय, बाबा.

शरदचंद्र : यायलाच पाहिजे.

माधवी : नाही, खरंच आलाय. मी नागपुरात कधी माझ्या बाबांवर आवाज चढवला नाही, म्हणून तुमच्यावरही चढवत नाहीये. पण आलाय.

शरदचंद्र : चढव. मी उठून जाणार नाही.

माधवी : एक मिनिट. एक मिनिट हं. मग ‘ऑइल तपासायचं ते इंजिन बंद असताना’, हे कोणी सांगितलं तुम्हाला?

शरदचंद्र : सांगायला कशाला पाहिजे? रोज पहाटे डेपोत ड्रायव्हर पट्टी काढून बघायचे. गाडी थंड, इंजिन बंद. माझ्या खिडकीतून दिसायचं समोर.

माधवी : ते इंजिनाचं ऑइल! हे गिअरचं आहे.

शरदचंद्र : ऑइल ते ऑइल.

माधवी : अहो बाबा, नाही! थांबा, कागद कुठे गेला माझा? जॅकेटच्या खिशात... हा. नेटवरून काढला होता मी, गुरुवारीच. हे बघा. ‘इंजिन चालू ठेवा. ब्रेक दाबून गिअरचा दांडा सगळ्या खाचांतून फिरवा. परत पार्कला आणा. आणि इंजिन चालूच असताना पट्टी काढा.’ खाली जाड अक्षरात आहे, बंद इंजिनात बघितलं तर वरचं ऑइल खाली उतरलेलं असतं, पट्टी खोटं सांगते.

शरदचंद्र : हा कागद काल कुठे होता?

माधवी : खिशातच.

शरदचंद्र : वाचला होतास?

माधवी : तीनदा. काल तुम्ही म्हणालात, इंजिन बंद कर, मग बघू. तेव्हा जिभेवर आलं होतं माझ्या, की बाबा, ह्यात तर चालू लिहिलंय.

शरदचंद्र : मग बोलली का नाहीस?

माधवी : कशी बोलू? तुम्ही एसटीतले, एकतीस वर्षांचे. आणि मी सून. नेटवरचा एक कागद नाचवून सासऱ्यांना शिकवू? म्हटलं, त्यांना माहीत असेल. कागदच चुकीचा असेल.

शरदचंद्र : एवढी एम. एस्सी. झालीस आणि कागदावर विश्वास ठेवला नाहीस?

माधवी : तुमच्यावर ठेवला ना.

शरदचंद्र : म्हणजे चुकीच्या खिडकीवर उभी राहिलीस तू.

माधवी : हसू नका हो! मला रागावू द्या अजून थोडा वेळ.

शरदचंद्र : हसत नाही. अगं, मी तुला सांगायला लाजलो, तू मला सांगायला लाजलीस. आणि तो फेलिक्स बारा वर्षं गाडी चालवतोय, तोही माझं वय बघून गप्प बसला. तिघांनी मान ठेवून ठेवून गाडी उपाशी ठेवली की काय कोण जाणे.

माधवी : काय म्हणालात?

शरदचंद्र : काय?

माधवी : उपाशी म्हणालात. बाबा, जेवढं निघालं तेवढंच घातलं ना आपण?

शरदचंद्र : मोजून.

माधवी : पण गाडीत आधीपासूनच कमी असेल तर?

शरदचंद्र : तर... अरे देवा. तर मी कमीच्या बदल्यात कमीच दिलं. जुनं आणा, नवं न्या! जन्मभर तेच केलं, इथेही तेच केलं. मूळचं पुरतं होतं का, हे बघायचं माझ्या खिडकीत येतच नव्हतं कधी.

माधवी : आणि वर पुठ्ठ्यावर सांडलेलं गेलं. म्हणजे आधीपेक्षाही कमी. म्हणून आज मुळीच उचलत नाही! चला, उठा. मी इंजिन चालू करते. ह्याला हत्यार लागत नाही, खंडेनवमी मोडत नाही.

शरदचंद्र : मी काय करू?

माधवी : पट्टी काढा. लाल कडीची, मागच्या बाजूची. पिवळी नाही, पिवळी इंजिनाची. मी दांडा फिरवते. झालं चालू. पी, आर, एन, डी, टू, एल. आता परत. पार्क. काढा!

शरदचंद्र : काढली. पुसली. परत घातली. काढली.

माधवी : कुठे आहे?

शरदचंद्र : कुठे म्हणजे?

माधवी : ऑइल! कुठल्या खुणेवर आहे?

शरदचंद्र : खुणेवर नाही. टोकालासुद्धा नाही गं. कोरडी ठणठणीत.

माधवी : नीट बघा!

शरदचंद्र : चष्मा लावूनच बघतोय. माझ्या बोटाला काही लागत नाही.

माधवी : कोरडी! बाबा, कोरडी आहे!

शरदचंद्र : एवढी खूश काय होतेस? मला तर धडकी भरली.

माधवी : कोरडी आहे म्हणजे मेली नाही! फेलिक्स काय म्हणाला? लेव्हल बरोबर असून उचलत नसेल तर गेली. लेव्हल कुठे बरोबर आहे? तिला फक्त तहान लागलीय. कॅन कुठे? चार लिटरचा आणला होता, निम्मा तरी उरलाय.

शरदचंद्र : हा इथे पायरीमागे. नरसाळं पण आहे.

माधवी : इंजिन चालूच राहू दे. पट्टीच्याच नळीत ओतायचं. तुम्ही ओता, मी कागद वाचते. अगदी थोडं थोडं. जास्त झालं तरी वाईट, लिहिलंय.

शरदचंद्र : तूच ओत. माझ्या हातून जास्त पडेल.

माधवी : नाही पडणार. स्टोअरमध्ये ऑइल कोण मोजून द्यायचं?

शरदचंद्र : मीच.

माधवी : मग ओता.

शरदचंद्र : हे घातलं पाव लिटर. रंग बघ, कोकमाच्या सरबतासारखा. अजून पाव. बघू पट्टी?

माधवी : बघा.

शरदचंद्र : टोकाला आलं. एवढंसं.

माधवी : अजून अर्धा घाला. सावकाश. किती झालं?

शरदचंद्र : लिटर होत आलं. हां, आता खालच्या खुणेला टेकलं. थंडची खूण ही.

माधवी : थांबा. तुम्ही बाजूला व्हा, पायरीवर जा, पार वर. मी ‘डी’ला टाकून बघते.

शरदचंद्र : माधवी, आधी देवाचं...

माधवी : घेतलं नाव. टाकते. एक, दो... हलली! बाबा! हलली! लगेच हलली!

शरदचंद्र : ब्रेक! ब्रेक मार, समोर गॅरेजचं दार आहे!

माधवी : मारला, मारला. रिव्हर्स टाकते. बघा, बघा, मागे येतेय. रेस न देता! अहो, इतकी शहाण्यासारखी तर ही आम्ही घेतली तेव्हाही चालत नव्हती.

शरदचंद्र : बसतो मी.

माधवी : बसा, बसा. मीही येते. हुश्श. बाबा, गाडी हलेल की नाही ह्या धास्तीनं मी पहाटे तीनपासून जागी आहे. मेल लिहून ठेवलं होतं लॅबला, माफीचं. पाठवायचं बाकी होतं फक्त.

शरदचंद्र : पुसून टाक ते.

माधवी : आधी तेच करते. पण एक सांगा, मुळात कमी कसं झालं? ऑइल उडून तर जात नाही.

शरदचंद्र : ते मला दिसलंय. मगाशी ओतताना. पुढे रेडिएटरजवळ एक रबरी नळी आहे, तिच्या तोंडाशी ओलं आहे. लालसर. घाम आल्यासारखं.

माधवी : अगंबाई! हिवाळ्यात स्नोवर लाल ठिपके दिसायचे गाडीखाली. मला वाटायचं, शेजारच्या क्रॅबॲपलच्या झाडाची बारकी फळं चिरडली.

शरदचंद्र : नळीवर क्लिप आहे, ती सैल पडलीय. बाकी काही नाही. मी अशा क्लिपा पोत्यानं दिल्यात लोकांना. सात नंबरच्या स्क्रू ड्रायव्हरनं... नाही, आठचा लागेल, खाच रुंद आहे.

माधवी : पण स्क्रू ड्रायव्हर पाटावर आहे.

शरदचंद्र : आहे खरा.

माधवी : मग उद्यापर्यंत? मी सकाळी पावणेसहाला निघणार, बाबा. तेवढ्या रस्त्यात परत गळून गेलं तर?

शरदचंद्र : नाही, उद्यापर्यंत थांबायचं नाही. डेपोत खंडेनवमीला पाटावर हत्यारं मीच मांडायचो, दर वर्षी. स्टोअरचं काम ते. पण त्या दिवशी घाटात गाडी बंद पडली आणि माणसं खोळंबली, की साहेब काय करायचे माहितीय? पाटाला हात जोडायचे, म्हणायचे, रस्त्यावर माणूस अडकलाय, माफ कर. आणि हवं ते एकच हत्यार उचलून द्यायचे. तसंच करू. इंजिन बंद कर, निवू दे जरा. मी घेऊन येतो.

माधवी : आणा. मी हात धुते तोवर.

शरदचंद्र : हे घे. आणला. आठचाच. फूल काढून ठेवलंय त्याचं.

माधवी : मला कशाला देता?

शरदचंद्र : म्हणजे?

माधवी : क्लिप तुम्हाला दिसलीय, नंबर तुम्हाला माहीत. वाकायचंही नाही, वरूनच हात जातो. तुम्हीच फिरवा.

शरदचंद्र : मी? अगं, कुठल्या बाजूला फिरवायचं तेसुद्धा...

माधवी : घड्याळाच्या काट्यासारखं. म्हणजे आवळतं.

शरदचंद्र : बसला खाचेत. फिरतोय. फिरतोय की!

माधवी : हळू. रबर कापेल.

शरदचंद्र : अर्धा फेरा. अजून जरासा. आता जड लागला. पुरे ना?

माधवी : पुरे. मी पुसते ती नळी, म्हणजे परत ओली झाली तर कळेल.

शरदचंद्र : माधवी.

माधवी : काय?

शरदचंद्र : एकोणसत्तराव्या वर्षी फिरवला पहिला.

माधवी : राग गेला हं माझा. सांगायचं राहिलं होतं. आता असं करू, अकरा वाजलेत, चला, आत्ताच ग्वेल्फला जाऊन येऊ. जे व्हायचं ते आज होऊ दे, उद्या नको. मिल्टनच्या पुढे चढ आहे हायवेला, तिथे ही नेहमी मान टाकते.

शरदचंद्र : चल. कॅन पाठीमागे टाक, नरसाळं पण. आणि तो कागद मला दे. ह्या वेळी मी वाचतो.

माधवी : पट्टा लावला?

शरदचंद्र : लावला. किती वेगानं नेतेस?

माधवी : शंभर. सगळेच शंभरच्या वर आहेत. डावीकडे बघा, ते मिल्टन. आता चढ येईल. बोलू नका माझ्याशी.

शरदचंद्र : बोलत नाही.

माधवी : आला. खाली उतरवतेय ती गिअर. ऐका. नुसता एक हुंकार, बस. परवापर्यंत इथे इंजिन ओरडायचं आणि गाडी रांगायची, मागचे हॉर्न मारायचे.

शरदचंद्र : चढली की.

माधवी : चढली! बाबा, तुम्ही श्वास सोडा आता.

शरदचंद्र : तूही सोड.

माधवी : अजून पंधरा-वीस मिनिटं. तुम्ही झोपलात तरी चालेल.

शरदचंद्र : झोपतो कुठला. झाडं लाल झालीत बघ किती. चार महिन्यांत घराबाहेर इतकं लांब पहिल्यांदाच आलो मी.

माधवी : आलो. ही बघा. ही पांढरी बिल्डिंग.

शरदचंद्र : ही? लहान आहे की.

माधवी : मागे वाढलीय. दुधाचे नमुने येतात इथे, चीजचे, सगळ्याचे. इंजिन चालू ठेवते, तुम्ही बघा पट्टी. आता गरमची खूण बघायची.

शरदचंद्र : बघतो. पुसली. घातली. बरोब्बर गरमच्या खुणेत. नळीपण कोरडी. बोटानं बघितली.

माधवी : देवा! कोरडी नळी, ओली पट्टी. ह्याहून काही नकोय मला.

शरदचंद्र : पण तू इथे रस्त्याच्या कडेला का थांबलीस? उद्या लावायची कुठे?

माधवी : मागे. तो बोर्ड आहे ना, ‘स्टाफ पार्किंग’, तिथे.

शरदचंद्र : मग लाव की आताच.

माधवी : आज रविवार आहे, बाबा. आणि मी उद्यापासून आहे.

शरदचंद्र : कोणी नाही इथे. एक दिवस आधी लावली तर कोण उठवतंय? लाव. मला बघायचंय.

माधवी : बरं. ह्या दोन रेघांच्या मध्ये?

शरदचंद्र : मधोमध घे. अजून जरा. झाली सरळ. कर बंद. अगं, काय झालं? फोन वाजतोय तुझा. जयदीप आहे. घेऊ मी? हॅलो. हां, मीच बोलतोय. गाडी ना? लावला हात. अरे, ऐक तर. तिनं लावला, माधवीनं. मी? मी पाने दिले, आणि एक स्क्रू फिरवला. नाही, मेली नाही, झकास चालतेय. ग्वेल्फला आलोय, तिच्या लॅबच्या पार्किंगमध्ये. हो, तीच घेऊन आली. नाही, आत्ता नाही देत तिच्याकडे, रडतेय ती. अरे, घाबरू नकोस, बरं वाटून रडतेय. साडेतीन वर्षांचं आहे, जरा वेळ लागेल. दहा मिनिटांनी कर फोन.